मधला ठिपका

पांडवलेणीच्या पायऱ्यांवर, उतरताना
(चढताना सगळेच सावध असतात)
डाव्या पोटरीत टच्‌ झालं.
कुणी खडा मारला म्हणून मागे वळले,
मागे कुणी नव्हतं.
एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं.

एकवीस वर्षं मी पॅथॉलॉजीत स्लाइडी रंगवते.
दुसऱ्यांचे स्नायू मेणात बसवते, केसाहून पातळ कापते.
गुलाबी तंतू, काठाला जांभळे ठिपके,
भिंतीला पाठ लावून बसलेल्या पंगतीसारखे.
माझी स्वतःची पोटरी
मी कधी आतून बघितली नव्हती.

रात्री सूज चढली.
आमच्याकडे पूर मोजायचा तो दुतोंड्या मारुतीवर:
गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं.
माझं कमरेला लागलं होतं. मोजा निघेना.

पूर ओसरल्यावर गोदाघाटावर जे चालतं
तेच आत चाललं असणार.
आधी पहिली टोळी, घाईची, धसमुसळी,
तुटलेलं ओढताना धडक्यालाही धक्का देणारी.
मग मोठ्या पेशी. गाळ उपसतात, गिळतात,
आणि दोन-चार दिवसांत त्यांचाच सूर बदलतो:
कालपर्यंत फावडं मारणारा माणूस
आज म्हणतो, चल, टपरी उभी करू, बांबू धर.

आणि मग त्या.
तंतूला चिकटून, पातळ अस्तराखाली
वर्षानुवर्षं निजलेल्या.
पुस्तकात त्यांना उपग्रह म्हणतात, मला ते कधी पटलं नाही.
त्या कुठे फिरतात?
रात्रपाळीच्या नर्ससारख्या खुर्चीतच डोळा लागलेल्या,
बेल वाजली की उभ्या.
एकीच्या दोन, दोघींच्या चार,
मग आपापली भिंत सोडून
एकमेकींत मिसळून एकच लांब तंतू होतात.
पायाला बर्फाची पिशवी बांधून
हे आठवलं, आणि उगाच डोळे भरले.
कुणाला सांगणार?

तांबट लेनमधले मुरलीधरकाका भेटायला आले.
म्हणाले, पत्रा ठोकून ठोकून कडक होतो,
मग भट्टीत घालून मऊ करायचा. तुमचंही तसंच.
मी म्हटलं, तसंच नाही काका,
तांब्याला पोचा आला तर बाहेरून कुणीतरी लागतो.
त्यांनी आपला घट्टे पडलेला तळवा उलटून पाहिला.
म्हणजे तुमचं भांडं आपलं आपणच ठोकतं?
हो. पण वेळ लावतं.
तांबटही लावतो, ते म्हणाले, आणि चहा ओतून घेतला बशीत.

तिसऱ्या आठवड्यात फिजिओ, गांगुर्ड्यांची रूपल,
म्हणाली, टाचा उचला.
नुसत्या पडून राहिलात तर आत वण भरेल,
चिवट, आडवातिडवा.
ताण मिळाला की तंतूंना दिशा कळते.
ओट्याला धरून दहा. दूध वर येईपर्यंत आणखी दहा.
एकदा उतू गेलं.

नव्या तंतूची एक खूण असते:
ठिपका काठाला नसतो, मधोमध असतो.
स्लाइडीवर तो दिसला की आम्ही ओळखतो,
इथे काहीतरी मोडलं होतं.
पुढे तोही काठाकडे सरकतो म्हणे.
किती दिवसांनी, ते माणसामाणसावर.

डिसेंबरात, दात वाजत असताना, पुन्हा गेले.
वरून शहर धुरकट दिसलं.
लेण्यात फार थांबले नाही, खरं तर उतरायलाच आले होते.
सगळ्याच पेशी खर्ची पडत नाहीत,
थोड्या परत अस्तराखाली जाऊन निजतात,
पुढच्या वेळेसाठी.
पुढची वेळ.

कठड्यावर हात ठेवला, धरला नाही.
कुत्रं तिथेच होतं, या वेळी जागं.
डावा पाय आधी टाकला.